भेग टर्बोला, चूक गॅस्केटमध्ये: ९९८ सीसी इंजिनाला टर्बो बसवतानाच्या नोंदी

११ जानेवारी

हाती असलेले पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचे आणि ९९८ सीसीचे आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७९.५ मिमी आणि कॉम्प्रेशन (पिस्टन खाली असतानाची जागा तो वर असतानाच्या जागेच्या किती पट) १०.५ असून इंधन इनटेक पोर्टमध्ये फवारले जाते. मूळ स्थितीत ते ६२०० आरपीएमला ५० किलोवॅट आणि ३५०० आरपीएमला ९० न्यूटन-मीटर देते. टर्बो (धुराच्या जोराने फिरणारी टर्बाइन आणि तिने फिरवलेला, इंजिनात हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर) बसवून ५५०० आरपीएमला ७५ किलोवॅट आणि २००० ते ४००० या पट्ट्यात १५० न्यूटन-मीटर मिळवायचे, असे ठरवले आहे. ब्लॉक, क्रँक आणि कनेक्टिंग रॉड मूळचेच राहतील. सगळे काम गाडीत न करता पाण्याच्या ब्रेकवर चालणाऱ्या डायनोवर, म्हणजे इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर होईल.

खर्च रकमेत लिहिला तर तो वाचणाऱ्याच्या उपयोगी पडणार नाही, म्हणून तो एकूण अंदाजपत्रकाच्या टक्क्यांत लिहीत आहे. कामाला १४ आठवडे लागतील असे आज वाटते.

१८ जानेवारी

हवेचा हिशेब शक्तीपासून मागे येत केला. ७५ किलोवॅटसाठी, पूर्ण भाराला किलोवॅट-तासामागे ३२० ग्रॅम इंधन धरले, तर तासाला २४ किलो पेट्रोल लागते. हवा-इंधन प्रमाण १२.५ ठेवल्यास तासाला ३०० किलो, म्हणजे सेकंदाला ८३ ग्रॅम हवा लागेल. ५५०० आरपीएमला हे इंजिन सेकंदाला सुमारे ४६ लिटर आकारमान ओढते. भरण्याची क्षमता ९० टक्के आणि मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतील) तापमान ४५ अंश धरले, तर तिथे १.८५ बार निरपेक्ष दाब असावा लागतो. फिल्टर आणि इंटरकूलरमधील घट मिळवली की कॉम्प्रेसरला सुमारे १.९५ चे दाब-प्रमाण गाठावे लागते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर ३० अंशांना आत गेलेली हवा १२२ अंशांना बाहेर पडेल. तिला पन्नासच्या खाली आणणारा इंटरकूलर मिळणे अवघड नाही, त्यामुळे त्यावर आज जास्त वेळ घालवला नाही.

२ फेब्रुवारी

एका परिचिताने दोन लिटर डिझेल इंजिनावरचा, साध्या वेस्टगेटचा (जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा), जुना पण सुस्थितीतला टर्बो फुकट दिला. त्याच्या कॉम्प्रेसरच्या नकाशावर ८३ ग्रॅम आणि १.९५ हा बिंदू कार्यक्षमतेच्या चांगल्या भागात पडतो, हे पाहून मी तो स्वीकारला.

(नंतरची भर: इथे मी एकच बिंदू तपासला. २००० आरपीएमला १५० न्यूटन-मीटरसाठी सेकंदाला फक्त ३२ ग्रॅम हवा लागते आणि दाब-प्रमाण मात्र तेवढेच, जवळजवळ १.९ लागते. तो बिंदू सर्जच्या रेषेच्या, म्हणजे जिच्यापलीकडे कॉम्प्रेसरमधली हवा उलट फिरू लागते त्या रेषेच्या, बराच डावीकडे पडत होता. दोन्ही टोके नकाशावर मांडायला दहा मिनिटे लागली असती.)

१० फेब्रुवारी

१०.५ कॉम्प्रेशनवर ०.८५ बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) देणे पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनाला झेपणार नाही, नॉकिंग होईल, म्हणजे कडेचे मिश्रण आपोआप पेटून ठोके बसतील. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोत कॉम्प्रेशन थेट ६.९ पर्यंत उतरवले होते आणि त्यामुळे बूस्ट येईपर्यंत ते इंजिन मरगळलेले राहत असे. दुसऱ्या टोकाला, २०१२ मध्ये आलेल्या फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टमध्ये ते १० आहे, परंतु तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते आणि त्याच्या बाष्पीभवनाने आतला वायू थंड होतो. ती सोय माझ्याकडे नाही, म्हणून ९.३ हा आकडा धरला.

एका सिलिंडरचे आकारमान ३३२.७ घनसेंमी आहे. १०.५ साठी वरची उरलेली जागा ३५ घनसेंमी असते आणि ९.३ साठी ती ४०.१ हवी, म्हणजे सुमारे ५.१ घनसेंमीची भर लागते. खोलगट माथ्याचे नवे पिस्टन घेणे हा एक मार्ग होता आणि हेडखाली १.२ मिमी जास्त जाडीचे गॅस्केट घालणे हा दुसरा. १.२ मिमीने बरोबर ५ घनसेंमी वाढतात आणि खर्च पिस्टनच्या दशांशही होत नाही, म्हणून मी गॅस्केट निवडले. ब्युरेटने मोजल्यावर तिन्ही सिलिंडरांत ४० ते ४०.६ घनसेंमी भरले आणि हिशेब जुळला म्हणून समाधान वाटले. या एका निर्णयाने पुढचे अडीच महिने खाल्ले.

२४ फेब्रुवारी

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तयार झाला. तीन सिलिंडरांचे ज्वलन २४० अंशांच्या अंतराने होत असल्याने एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत फारसा येत नाही. चार सिलिंडरांना जी दुहेरी वाटेची टर्बाइन उपयोगी पडते, तिची इथे गरज नाही, हा या इंजिनाचा मोठा फायदा आहे.

पहिला फ्लँज मात्र वाया गेला. तिन्ही पोर्टसाठी एकच सलग पट्टी घेऊन त्यावर नळ्या वेल्ड केल्या आणि थंड झाल्यावर पट्टी ०.८ मिमी वाकलेली निघाली. ती घासून सपाट केली असती, तरी गरम झाल्यावर ती पुन्हा हलली असती, कारण स्टेनलेसचा २६० मिमीचा तुकडा ७०० अंशांनी तापला की ३ मिमीपेक्षा जास्त वाढतो. दुसऱ्या वेळी पोर्टच्या मधोमध पट्टी कापून तीन स्वतंत्र फ्लँज केले, कडेच्या बोल्टांची भोके लांबट केली आणि वेल्डिंग चालू असताना सगळे जुन्या हेडवर आवळून ठेवले. वेळ नऊ दिवस, खर्च ४ टक्के, त्यातला निम्मा वाया.

८ मार्च

इंजिन प्रथमच सुरू झाले आणि चार मिनिटांत निळा धूर येऊ लागला. टर्बाइनच्या बाजूने तेल गळत होते. टर्बो जुना असल्याने त्याचे सील गेले असणार असे मी गृहीत धरले आणि तो उघडून नवे सील आणि बेअरिंग घालून घेतले. त्यात ६ टक्के खर्च आणि अकरा दिवस गेले.

१९ मार्च

दुरुस्त टर्बो बसवला आणि चौथ्या मिनिटाला तोच धूर आला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत झाली होती. टर्बोतून तेल दाबाने नव्हे, तर केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि बेअरिंगमधून बाहेर पडताना त्यात भरपूर फेस असतो. मी परतीची नळी ऑइल चेंबरमध्ये जिथे जोडली होती, ती जागा तेलाच्या पातळीच्या २० मिमी खाली होती. तिथे तेल अडत होते, टर्बोच्या मधल्या भागात साठत होते आणि सीलमधून वाट काढत होते. टर्बोची ही सील पिस्टनच्या रिंगसारखी असतात. ती वायूचा दाब अडवतात, पण साठलेले तेल अडवू शकत नाहीत.

परतीची नळी आतून १६ मिमी व्यासाची घेतली, चेंबरवर पातळीच्या वर जोडली आणि संपूर्ण लांबीत ती उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलणार नाही असे पाहिले. धूर थांबला. टर्बो उघडण्याआधी ही नळी काढून डब्यात सोडून पाहिली असती, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

२२ मार्च

०.५ बार बूस्टला लॅम्डा (पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष हवा; आकडा वाढला की मिश्रण विरळ) ०.८५ मागितला असता ०.९२ दिसत होता. मी ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) तक्त्यात ८ टक्के इंधन वाढवले आणि आकडा जागेवर आला. बूस्ट ०.८५ बारवर नेताच मिश्रण पुन्हा विरळ झाले. तेव्हा कुठे लक्षात आले की या इंजिनाची इंधनवाहिनी परतीच्या नळीविना आहे आणि तिच्यात बाहेरच्या हवेच्या तुलनेत ३५० किलोपास्कल हा ठरावीक दाब असतो. इंजेक्टरच्या तोंडाशी ०.८५ बार उलटा दाब आला की प्रत्यक्ष फरक २६५ किलोपास्कल उरतो आणि प्रवाह वर्गमूळाच्या नियमाने १३ टक्क्यांनी घटतो. मॅनिफोल्डच्या दाबाबरोबर वरखाली होणारा रेग्युलेटर आणि परतीची नळी बसवल्यावर तक्त्यातील ठिगळ काढून टाकले. मूळ इंजेक्टरही अपुरे होते. हिशेबाने प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला १८० घनसेंमी पेट्रोल लागते, म्हणून २४० चे घेतले, म्हणजे ते तीनचतुर्थांश वेळच उघडे राहतील. मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मूळ सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचत असल्याने तो पहिल्याच दिवशी बदलला होता.

५ एप्रिल

इंजिन डायनोवर पूर्ण भाराने चालवले. ३४०० आरपीएमपर्यंत बूस्ट नावालाच येतो आणि नंतर एकदम येतो. खाली सर्ज होईल ही भीती फोल ठरली, कारण सर्जच्या रेषेपर्यंत जाण्याइतका जोरच या टर्बाइनला तिथे मिळत नाही.

काळजीची बाब वेगळी आहे. ४००० आरपीएमला ०.७ बारवरच नॉकिंग सुरू होते. ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधीच्या १८ अंशांवरून मागे घेत ८ अंशांवर आणावी लागली, तेव्हा ते थांबले. प्लग जास्त गरम जातीचे असावेत म्हणून दोन पायऱ्या थंड प्लग आणले, तेव्हा नॉकिंग उलट वाढले. प्लगच्या उष्णता-क्रमांकाची दिशा सर्व उत्पादकांत सारखी नसते. काहींचा मोठा आकडा थंड प्लगचा असतो, तर काहींचा गरम प्लगचा, आणि मी उलट दिशेने गेलो होतो. खरोखर थंड प्लग घालून त्यांची फट १.१ वरून ०.७ मिमी केली. त्यामुळे बूस्टखाली ठिणगी चुकणे थांबले, पण नॉकिंग होते तसेच राहिले.

१३ एप्रिल

टर्बाइनच्या घरात, वेस्टगेटच्या भोकापासून आतल्या जिभेपर्यंत, आरपार भेग पडली. टर्बाइनच्या तोंडाशी बसवलेल्या थर्मोकपलच्या नोंदी चाळल्या तर गेले पाच दिवस धुराचे तापमान ९४० ते ९९० अंश होते. आकडा रोज डोळ्यांसमोर असूनही मी तो पेट्रोलसाठी नेहमीचाच आहे म्हणून सोडून देत होतो. पेट्रोल इंजिनासाठी तो नेहमीचा आहेच. पण हे घर डिझेलसाठी ओतलेले आहे आणि डिझेलचा धूर सहसा ८०० अंशांच्या आसपासच राहतो. त्यासाठी सिलिकॉन-मॉलिब्डेनमचे बिडाचे ओतकाम पुरते. पेट्रोलसाठी जास्त निकेल असलेले बीड किंवा उष्णतारोधक स्टेनलेसचे ओतकाम लागते.

२० एप्रिल

आठवडाभर इंजिनाला हात लावला नाही, फक्त नोंदी उलटसुलट वाचल्या. डिझेलचा टर्बो घेणे ही चूक होती यात वाद नाही, परंतु तेवढ्यावर थांबलो असतो तर पेट्रोलचा टर्बो आणून पुन्हा तिथेच अडकलो असतो. धूर इतका तापला, कारण ठिणगी दहा अंश मागे घेतली होती. उशिरा पेटलेले मिश्रण पिस्टन खाली जात असताना जळत राहते, त्यातील उष्णता कामात न येता धुराबरोबर बाहेर पडते आणि टर्बाइनवर आदळते. ठिणगी मागे घ्यावी लागली ती नॉकिंगमुळे. आणि ९.३ कॉम्प्रेशनला, ०.७ बारवर, ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर इतके नॉकिंग व्हायला नको होते.

ते का झाले याचे उत्तर गॅस्केटमध्ये होते. या हेडमध्ये ज्वलनकक्षाच्या दोन्ही बाजूंना सपाट कडा आहेत आणि पिस्टन वर आला की त्या कडा आणि पिस्टन यांच्यात ०.९ मिमीची फट उरते. त्या फटीतली हवा शेवटच्या क्षणी जोराने मध्यभागी ढकलली जाते. तिने मिश्रण घुसळले जाते, ज्योत वेगाने पसरते आणि कडेला उरलेला थोडासा वायू थंड धातूला चिकटून राहिल्याने आपोआप पेट घेत नाही. यालाच स्क्विश म्हणतात. मी गॅस्केट १.२ मिमीने जाड केल्यावर ती फट २.१ मिमी झाली. आता ती हवेला ढकलण्याइतकी अरुंद राहिली नाही आणि तिच्यातला वायू थंड राहण्याइतकीही अरुंद राहिली नाही. म्हणजे जिथे नॉकिंग सुरू होते, नेमक्या त्याच जागी मी ताज्या मिश्रणाचा साठा करून ठेवला होता. कॉम्प्रेशनचा आकडा बरोबर आला आणि कॉम्प्रेशन ज्यासाठी उतरवले तो हेतू बुडाला.

भेग टर्बोला पडली, ठपका प्लगवर ठेवला आणि मूळ कारण हेडखाली होते. आतापर्यंत ३१ टक्के खर्च झाला असून त्यातला निम्म्याहून अधिक पुन्हा करावा लागणार आहे.

१७ मे

मूळ जाडीचे गॅस्केट आणि माथ्यावर ५ घनसेंमीचा खोलगा असलेले घडीव पिस्टन आले. कडेची सपाट पट्टी तशीच राहिल्याने स्क्विशची फट पुन्हा ०.९ मिमी झाली. टर्बो यावेळी एक लिटरच्या आसपासच्या पेट्रोल इंजिनासाठी बनलेला घेतला, त्याच्या नकाशावर ३२ आणि ८३ ग्रॅम हे दोन्ही बिंदू मांडले आणि मगच मागवला. त्याच्या मधल्या भागाला पाण्याची वाट आहे. इंजिन बंद केल्यावर टर्बाइनची उष्णता बेअरिंगकडे सरकते आणि तिथले तेल जळून कोळसा होते, त्यावर पाणी हा उपाय आहे. पाण्याची परतीची नळी चढती ठेवली, म्हणजे पंप थांबला तरी गरम पाणी आपसूक वर जाऊन थंड पाणी खाली येत राहते. पिस्टन आणि टर्बो मिळून ३४ टक्के.

घडीव पिस्टन जास्त प्रसरण पावत असल्याने बोअरमधील मोकळीक ०.०३ ऐवजी ०.०५५ मिमी ठेवून होनिंग केले, म्हणजे बोअर आतून बारीक घासून घेतले.

२ जून

नॉकिंग गेले. ४००० आरपीएमला ०.८५ बारवर ठिणगी १४ अंशांवर टिकते आणि धूर ९२० अंशांच्या वर जात नाही. बूस्ट १९०० पासून भरायला लागतो.

पूर्ण भाराच्या चाळिसाव्या मिनिटाला मधल्या सिलिंडरमधून खरखर ऐकू आली आणि मी इंजिन बंद केले.

६ जून

हेड आणि ऑइल चेंबर काढले. मधल्या बोअरवर उभे ओरखडे होते आणि वरच्या रिंगची दोन्ही टोके आरशासारखी चकचकीत झाली होती. टोके एकमेकांवर घासली की ती अशीच दिसतात. रिंग बसवताना मी मूळ माहितीपुस्तिका उघडून टोकांमधील फट ०.२२ मिमी ठेवली होती. ती पुस्तिका टर्बो नसलेल्या इंजिनाची होती. ७३ मिमी व्यासाची पोलादी रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा ८० अंशांनी जास्त तापली, की ०.२२ ची फट पूर्ण मिटते. त्यापुढे रिंगला वाढायला जागा उरत नाही, म्हणून ती भिंतीवर दाबली जाते. मूळचा ओतीव पिस्टन असता तर रिंगांमधला कडा तुटून खाली आला असता. घडीव असल्यामुळे ओरखड्यांवर निभावले.

बोअर पुन्हा होन केले. वरच्या रिंगची फट ०.४० आणि दुसरीची ०.४५ मिमी केली. दुसरीची थोडी जास्त ठेवण्याचे कारण असे, की दोन रिंगांमध्ये अडकलेल्या वायूने वरच्या रिंगला खालून उचलू नये. खर्च ५ टक्के आणि तीन आठवडे, कारण होनिंगसाठी रांग होती.

फीलर गेज घालून मोजलेला आकडा बरोबरच होता, फक्त ज्या इंजिनासाठी तो लिहिला होता ते इंजिन माझ्यापुढे उरले नव्हते. पिस्टन, प्लग, तेल, गॅस्केटचे बोल्ट, जिथे जिथे मी जुनी पुस्तिका वापरली होती, ती प्रत्येक जागा आज पुन्हा तपासली.

२९ जून

नवे दुखणे: इंजिन थंड असताना ईसीयूला नॉकिंग दिसते आणि तो ठिणगी मागे घेतो. कानाला मात्र नॉकिंग नाही. ७३ मिमी बोअरमध्ये नॉकिंगची पहिली कंपने सुमारे ७.६ किलोहर्ट्‌झला येतात आणि सेन्सर त्याच पट्ट्यावर लावला आहे. परंतु मोकळीक वाढवलेले घडीव पिस्टन थंड असताना भिंतीवर आपटतात आणि त्या ठोक्याचा काही भाग त्याच पट्ट्यात पडतो. ऐकण्याची खिडकी वरच्या बिंदूनंतर १० ते ६० अंशांपुरती आखडली आणि पाणी ६० अंशांना पोहोचेपर्यंत नॉकिंगवरून होणारी दुरुस्ती बंद ठेवली. थंड इंजिनावर पूर्ण बूस्ट द्यायचा नसल्याने तेवढी बंदी चालते.

१२ जुलै

०.८५ बार ठरवलेला असताना ५००० आरपीएमच्या वर बूस्ट १.०२ पर्यंत चढतो. वेस्टगेटचे भोक लहान असावे असे वाटून ते मोठे करायच्या तयारीत होतो, पण आता आधी काढून बघायची सवय लागली आहे. टर्बाइनच्या मागचा नळीचा कोपरा मी स्वतः घडवला होता. तो काढला तेव्हा आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखी खूण दिसली. वेस्टगेटची झडप तिथे आपटत होती आणि अर्धीच उघडत होती. कोपऱ्यात ६ मिमीचा खळगा घासला, एका संध्याकाळचे काम.

१९ जुलै

डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) उडून बाहेर आली आणि तेल मॅनिफोल्डवर सांडले. जूनमध्ये रिंग बिघडल्या असल्याने पहिला संशय पुन्हा त्यांच्यावरच गेला. गळती मोजली तर तिन्ही सिलिंडर ६ ते ८ टक्क्यांत, म्हणजे निरोगी होते. मूळ इंजिनात क्रँककेसमधील (क्रँकभोवतीच्या पोकळीतील) वायू मॅनिफोल्डच्या निर्वाताने ओढला जातो. टर्बोमुळे तिथे दाब आला, तेव्हा मूळ झडप तो पूर्ण अडवू शकली नाही आणि बूस्टची हवा उलट क्रँककेसमध्ये शिरली. त्या नळीत पक्की एकदिशा झडप घातली आणि भाराखाली वायू काढण्यासाठी दुसरी नळी कॉम्प्रेसरच्या आधी जोडली. एक दिवस गेला, त्यातला अर्धा तेल पुसण्यात.

१६ ऑगस्ट

वीस तासांची चाचणी संपली. ५५०० आरपीएमला ७१ किलोवॅट आणि २३०० आरपीएमला १४६ न्यूटन-मीटर मिळाले. ठरवलेल्या दोन्ही आकड्यांना मी पोहोचलो नाही. वरचे चार किलोवॅट बूस्ट वाढवून मिळतील, पण त्यासाठी धूर ९५० च्या वर न्यावा लागेल किंवा मिश्रण आणखी दाट करावे लागेल. इकोबूस्टसारखा हेडमध्येच ओतलेला, पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असता तर टर्बाइनपर्यंत पोहोचेतो धूर थोडा निवला असता आणि हा प्रश्न सौम्य झाला असता.

खालचे चार न्यूटन-मीटर मी जाणून सोडले आहेत. रॉड वाकतो तो टॉर्कने आणि तुटतो तो आरपीएमने. सिलिंडरमध्ये ९० बारचा कमाल दाब धरला तरी प्रत्येक रॉडवर सुमारे ३८ किलोन्यूटन भार येतो आणि हे रॉड मूळचे आहेत. शिवाय २००० च्या खाली पूर्ण बूस्ट दिल्यास ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. पोर्ट इंजेक्शनमध्ये तो थेट इंजेक्शनपेक्षा कमी असतो, तरीही तेल एपीआय एसपी श्रेणीचे घातले आहे. या श्रेणीत तेलामुळे होणाऱ्या अशा पूर्वज्वलनाची चाचणी घेतली जाते.

१४ आठवड्यांचे काम ३१ आठवडे चालले आणि खर्च अंदाजपत्रकाच्या १२८ टक्के झाला. त्यातला सर्वांत मोठा वाया गेलेला हिस्सा गॅस्केटचा आहे, जरी गॅस्केट स्वतः सर्व यादीतील सर्वांत स्वस्त वस्तू होती. चाचणीनंतर तेल बदलले आणि चुंबकावर बारीक राखाडी पूड दिसली. होनिंगनंतरच्या पहिल्या वीस तासांत ती अपेक्षित आहे. पुढचे वीस तास चालवून पुन्हा चुंबक पाहायचा आहे आणि या वेळी पूड मधल्या सिलिंडरचीच आहे असे आधीच ठरवायचे नाही.